चाकू आणि घाम

कोंकणांत आंब्याचीं कोयकलमें पावसाळ्यांत बांधतात. त्या कामीं खिशांतला चाकू तीक्ष्ण व स्वच्छ असावा लागतो. गंजलेल्या पात्याचा काप खडबडीत होतो आणि कलम जीव धरीत नाहीं. म्हणून चाकू गंजूं न देणें हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे.

लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढतो. घामांत मीठ असतें. मिठाच्या पाण्यांतून विद्युत्प्रवाह सुलभतेनें वाहतो, व त्यामुळें गंजण्याची क्रिया त्वरेनें होते. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं क्रोमियममिश्रित पोलाद तयार केलें. क्रोमियम व प्राणवायु यांचा अदृश्य थर अशा पात्याचें रक्षण करितो. परंतु मिठापुढें तोही सर्वथा टिकत नाहीं. साध्या पोलादाची तर गोष्टच नको.

आम्ही सुचवितों ते उपाय सोपे आहेत. काम संपतांच पातें गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसावें व लगेच कोरडें करावें. सांध्यांत अडकलेला चीक व खिशांतील सुताचे धागे काडीनें काढावे. मग तेलाचा एक थेंब पात्यावर पसरावा व एक सांध्यांत सोडावा. कामाच्या वेळीं चाकू अंगालगतच्या खिशांत न ठेवितां तेलकट फडक्यांत गुंडाळून पिशवींत ठेवावा. रात्रीं तो चामड्याच्या म्यानांत राहूं देऊं नये, कारण चामडें ओल धरून ठेवितें.

विद्यार्थिमित्रहो, दोन मिनिटांचा हा नेम रोज पाळा, म्हणजे एकच चाकू पुष्कळ वर्षें सोबत करील.