कुलूप शाबूत, तरी घर उघडे

उद्देश : इंटरनेटवरील गुप्ततेची कल्पना सातवीच्या विद्यार्थ्यांस करून देणे.

विषयप्रवेश : पोस्टकार्ड वाटेत कोणासही वाचता येते, बंद लखोटा वाचता येत नाही. इंटरनेटवरून जाणारा मजकूर मुळात पोस्टकार्डासारखा उघडा असतो. म्हणून पाठविणारा संगणक त्याचे कूटलिपीत रूपांतर करतो व योग्य किल्ली असलेला संगणकच तो उलगडतो. ह्यास एन्क्रिप्शन म्हणतात.

विवेचन : हे काम करणारी ओपन-एसएसएल ही आज्ञावली असंख्य संकेतस्थळे वापरीत असत. मार्च २०१२ च्या तिच्या आवृत्तीत एक उणीव राहिली. ती ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. त्याच महिन्यात कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक तिच्यामुळे चोरीस गेले. कूटलिपीचे गणित मात्र कोणी मोडले नव्हते. मग चूक कोठे होती?

प्रयोग : वर्गनायकास एक कागद द्यावा. त्याची पहिली तीन घरे रिकामी ठेवून पुढे काही कल्पित ‘गुपिते’ लिहावीत. दुसऱ्या मुलाने म्हणावे, “जागा आहेस ना? ‘कमळ’ लिही व तीन अक्षरे वाचून दाखव.” नायक तेवढेच वाचील. मग म्हणावे, “कमळ, वीस अक्षरे वाच.” नायकाने न मोजता वाचल्यास पुढील गुपितेही उघड होतील. हार्टब्लीडमध्ये असेच घडे. एका विचारणेत संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर बाहेर येई आणि नेहमीच्या नोंदींत त्याची खूणही राहत नसे. दुरुस्ती साधी होती : सांगितलेली संख्या व आलेला मजकूर ताडून पाहावा; मेळ नसल्यास उत्तरच देऊ नये.

तात्पर्य : ब्राउझरमधील कुलपाची खूण वाट सुरक्षित असल्याचे सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक वा दक्ष आहे, असे ती सांगत नाही. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक शिक्षकांच्या हातून भरले जातात. ती मुलांची ठेव होय. म्हणून शाळेचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये, दुसऱ्यास सांगू नये, तोच अन्यत्र वापरू नये. आणि संगणकाची व भ्रमणध्वनीची अद्ययावत दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

प्रश्न :
१. कूटलिपी न मोडता गुपिते कशी बाहेर आली?
२. नायकाने कोणती पडताळणी करावयास हवी होती?