जमिनीवरचे जहाज

ओडिशातील चिलिका सरोवराच्या काठी भारतीय नौदलाचे एक जहाज 1980 सालापासून उभे आहे. त्याला शीड नाही, सुकाणू नाही, नांगरही नाही. ते जागचे तसूभर हालत नाही. तरीही त्याचे नाव 'आय. एन. एस. चिल्का' असेच आहे. कारण किनाऱ्यावरील आपल्या ठाण्यांनाही नौदल जहाजांसारखीच नावे देते. तेथे फरशीला 'डेक' म्हणावयाचे, स्वयंपाकघराला 'गॅली', आणि सुटीच्या दिवशी फाटकाबाहेर पडणारा तरुण म्हणे 'किनाऱ्यावर' जातो!

नाविक म्हणून निवड झालेले तरुण आपले पहिले धडे येथे गिरवतात. 28 मार्च 2023 रोजी अडीच हजारांहून अधिक अग्निवीरांची पहिली तुकडी सुमारे चार महिन्यांचे शिक्षण संपवून येथून बाहेर पडली. तीत मुलीही होत्या. नाविक म्हणून मुलींना नौदलात घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

येथील दिवस पहाटेच सुरू होतो. व्यायाम, कवायत, वर्गातील पाठ, बंदूक चालविणे, होडी वल्हविणे, दोराच्या गाठी मारणे, अशी कामे एकामागून एक येत राहतात. पण नवख्या मुलास खरा कंटाळा येतो तो कपड्यांच्या घड्यांचा. चादरीवर सुरकुती नको, बूट ठरलेल्या जागी हवेत, पेटीतील प्रत्येक वस्तू नेमून दिल्याप्रमाणे हवी. "युद्धाशी या घड्यांचा काय संबंध?" असे त्याच्या मनात येते.

संबंध आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व 2014 मध्ये नौदलात दाखल झालेली 'आय. एन. एस. कोलकाता' ही युद्धनौका 163 मीटर लांब आहे. एवढ्याशा जागेत तोफा, क्षेपणास्त्रे आणि यंत्रे बसवून उरलेल्या भागात सुमारे तीनशे माणसे राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक अरुंद बिछाना व लहानसे कपाट येते. मध्यरात्री धोक्याची घंटा झाली, दिवे गेले, तर बूट शोधीत बसावयास वेळ कोठला? हात घालताच ते सापडले पाहिजेत. जहाजाचे पोट जलरोधक दारांनी निरनिराळ्या कप्प्यांत विभागलेले असते. एका कप्प्यात पाणी शिरले तर दार बंद करून ते तेथेच अडविता येते. मात्र एकाने आळसाने दार उघडे टाकले, तर त्याची किंमत साऱ्यांना मोजावी लागते.

दुसरी कसोटी पाण्याची. दुष्काळी गावातून आलेल्या कित्येक मुलांनी गुडघ्याहून खोल पाणी पाहिलेले नसते. त्यांना पोहण्याच्या तलावाची भीती वाटते, व तशी ती वाटावीच. घाबरलेला माणूस प्रथम हात वर करतो, आणि तेथेच चुकतो. शरीराचा जो भाग पाण्यात असतो त्यालाच पाणी वर उचलून धरते. हात बाहेर काढले की त्यांचा भार डोक्यावर येतो आणि नाक बुडते. हात पाण्यात ठेवून छातीत श्वास भरला, तर बहुतेकांना पाठीवर तरंगता येते. हे एकदा अनुभवास आले की भीती निम्मी ओसरते. आपल्याकडे पाठीला सुकडा भोपळा बांधून मुलांना विहिरीत पोहावयास शिकवीत, त्यातही मर्म हेच. तुम्हीही पोहणे शिका. मात्र एकट्याने कधीही पाण्यात उतरू नका.

भरतीच्या वेळी धावण्याची परीक्षा असते. 2022 च्या नियमांप्रमाणे मुलांना 1.6 किलोमीटर अंतर साडेसहा मिनिटांत व मुलींना आठ मिनिटांत तोडावे लागे. 400 मीटरच्या मैदानास चार फेऱ्या घातल्या की हे अंतर होते. म्हणजे मुलींना एका फेरीस बरोबर दोन मिनिटे. वाचावयास हे सोपे वाटते. तिसऱ्या फेरीत काय होते ते धावून पाहावे. गणित व पदार्थविज्ञान यांची हेळसांड करू नये, कारण नाविकांच्या एका शाखेसाठी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. आपले ताट आपण घासणे, आपले कपडे आपण धुणे, ही सवयही घरीच लागलेली बरी. तेथे आई जवळ नसते. पहिल्या काही रात्री अनेकांची उशी ओली होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेजारच्या बिछान्यावरील केरळचा किंवा बिहारचा मुलगाही जागाच असतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक असावी. 2022 साली आखलेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे ही नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर शंभरांपैकी अधिकात अधिक पंचवीस जणांनाच पुढे ठेवून घेतले जाईल असे ठरले. उरलेल्यांना दुसरा मार्ग शोधावा लागेल. म्हणून घरच्या माणसांशी सविस्तर बोलूनच हा निर्णय घ्यावा.

चिल्का सोडल्यावर प्रत्येकजण आपल्या कामाचे शिक्षण घेण्यास निरनिराळ्या ठिकाणी जातो. जहाजाची यंत्रे सांभाळणाऱ्यांना लोणावळ्यास 'आय. एन. एस. शिवाजी' येथे पाठवितात. नव्या गणवेशातील तरुण मोठ्या उत्साहाने तेथे पोहोचतो आणि पाहतो, तो चहूकडे सह्याद्रीचे डोंगर! समुद्राचा पत्ता नाही. हेही जहाज जमिनीवरचेच असते.