मोटारसायकल आणि समोरचा वारा

वारा डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून त्याच्या अंगीं बळ किती आहे याचा आपणांस सहसा विसर पडतो. झाडाचें पानही हलत नाहीं अशा निवांत सकाळीं कोणी मोटारसायकलवर बसून निघाला, कीं थोड्याच वेळांत त्याच्या छातीवर वारा आदळूं लागतो. हा वारा बाहेरून आलेला नव्हे. स्वाराच्या वेगानेंच तो उत्पन्न झालेला असतो. आपण स्थिर हवेंत वेगानें शिरलों काय, किंवा वेगवान् हवा स्थिर बसलेल्या आपणांवर धांवून आली काय, परिणाम एकच. हा वारा अंगावर घ्यावा, कीं पुढें एक पारदर्शक पडदा लावून तो अडवावा, असा प्रश्न मोटारसायकल बाळगणाऱ्यांस पडतो. त्या पडद्यास विंडशील्ड म्हणतात. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटीं पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे, आणि आमच्या वाचकांच्या घरांतील लहानथोरांच्या सुरक्षिततेशींही त्याचा निकट संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. वाऱ्याचें गणित

हवेस वजन आहे हें आपण शाळेंत शिकतों. आपल्या नेहमींच्या हवामानांत एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम भरतें. एवढी हवा दर क्षणीं बाजूस सारीत पुढें जावयाचें, तर जोर लागणारच. तो किती लागतो? नियम असा, कीं हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. हवेच्या घनतेस वेगाच्या वर्गानें गुणून त्याची निमपट केली, म्हणजे समोरून आदळून थांबणाऱ्या हवेचा दाब मिळतो.

हें गणित करून पाहूं. ताशीं ३० किलोमीटर वेगास दर चौरस मीटरवर सुमारें सवाचार किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. ताशीं ६० किलोमीटरला तो १७ किलोग्रॅम होतो, ९० ला ३८, आणि १२० ला ६८! वेग चौपट झाला, तर दाब सोळापट झाला. मनुष्याची छाती एक चौरस मीटर नसते हें खरें. तथापि ताठ बसलेल्या स्वारास ताशीं ३० किलोमीटरला जी झुळूक गोड वाटते, तीच पुढें त्यास मागें कां लोटूं लागते, हें या आंकड्यांवरून समजेल.

शक्तीचा हिशेब याहून कडक आहे. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. वेग दुप्पट केला असतां हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगानें मोडावा लागतो. म्हणून केवळ हवेशीं झगडण्यासाठीं इंजिनास आठपट शक्ति खर्चावी लागते. भरधांव गाडीचें पेट्रोल लौकर कां संपतें, याचें एक मोठें कारण येथें सांपडेल.

२. एका विक्रमाची गोष्ट

या नियमाचें एक विलक्षण उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत बॉनव्हिल नांवाचें मिठाचें विस्तीर्ण व सपाट मैदान आहे. तेथें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं रोली फ्री नांवाच्या स्वारानें व्हिन्सेंट जातीची मोटारसायकल ताशीं १५० मैलांवर नेण्याचा प्रयत्न केला. कातड्याचा पोशाख वाऱ्यानें फाटूं लागला, आणि वेग १५० मैलांच्या किंचित् खालींच अडकला. तेव्हां त्यानें तो पोशाख उतरून ठेविला, आणि केवळ पोहण्याची चड्डी घालून, पाय मागें लांब करून, तो गाडीवर पालथा निजला. या खेपेस वेग ताशीं १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारें २४२ किलोमीटर भरला. हवेपुढें येणारें अंग कमी झालें, तसा विरोध कमी झाला. अर्थात् हें साहस अनुकरणीय मुळींच नव्हे. तें एका निर्जन मैदानावर, एका विक्रमापुरतें केलेलें होतें. आम्हांस त्यांतून घ्यावयाचें आहे तें इतकेंच, कीं हवेच्या दृष्टीनें स्वाराचें शरीर हाच पुष्कळदां गाडीचा सर्वांत मोठा अडथळा असतो.

३. विंडशील्डचे लाभ

मग स्वारानें निजावें, कीं त्याच्यापुढें आडोसा करावा? नेहमींच्या प्रवासास दुसराच मार्ग योग्य. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें १९७६ मध्यें आर १०० आर एस ही मोटारसायकल विक्रीस आणिली. तिच्या पुढील आवरणाचा आकार वातबोगद्यांत, म्हणजे कृत्रिम वारा सोडून परीक्षा घेण्याच्या दालनांत, पारखून ठरविला होता. हेतु असा, कीं लांबच्या प्रवासांत स्वार थकूं नये.

थकवा हीच मुख्य गोष्ट होय. वारा छातीस मागें ढकलतो, तेव्हां स्वार नकळत हँडल घट्ट धरून स्वतःस पुढें ओढीत असतो. दोन तासांनीं खांदे व मनगटें दुखूं लागतात, आणि थकलेल्या मनुष्याचें लक्ष उडतें. विंडशील्ड हा भार उचलते. पावसाचे थेंब, धूळ व किडे यांपासूनही ती रक्षण करते.

थंडींत तिचा उपयोग विशेष. आपल्या शरीराभोंवतीं उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून लावितो. पॉल साइपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं १९४० नंतरच्या दशकांत दक्षिण ध्रुवप्रदेशांतील प्रयोगांवरून या गोष्टीचा अभ्यास केला. पुढें २००१ मध्यें कॅनडा व अमेरिका यांनीं जें सुधारलेलें सूत्र घेतलें, त्याप्रमाणें हवा १० अंश सेल्सिअस असून वारा ताशीं ६० किलोमीटर असला, तर उघड्या कातडीस ५ अंशांइतकी थंडी वाजते. गारठलेलीं बोटें ब्रेक वेळेवर दाबूं शकत नाहींत, हें सांगणें नकोच.

४. तिचे दोष

परंतु विंडशील्ड म्हणजे निर्भेळ लाभ असें मात्र नाहीं. याचें पहिलें कारण एका सोप्या प्रयोगानें कळतें. वडील माणसांच्या देखत एक मेणबत्ती पेटवा. तिच्यापुढें पत्त्याएवढें सपाट पुठ्ठ्याचें कार्ड उभें धरून समोरून फुंका. ज्योत पलीकडे न वळतां उलट कार्डाकडेच वांकते! कारण वारा कडेवरून जातांना मागें भोंवरे निर्माण होतात, व तेथील हवा उलट फिरते. विंडशील्डच्या वरच्या कांठावरही असेच भोंवरे सुटतात. तो कांठ बेताचा नसला, तर ते नेमके हेल्मेटवर आदळून डोकें थरथरवितात, आणि आवाजही वाढवितात. अशा वेळीं विंडशील्ड नसलेल्या गाडीचा सरळ वाराच बरा वाटतो.

म्हणून उंचीचा सामान्य नियम असा, कीं स्वारास कांचेंतून नव्हे, तर कांचेच्या कांठावरून रस्ता दिसावा. कांठ साधारणपणें नाकाच्या शेंड्याच्या किंवा तोंडाच्या पातळीस असावा. ही ‘कांच’ वस्तुतः ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. तीवर ओरखडे लौकर पडतात, आणि रात्रीं समोरच्या दिव्यांच्या उजेडांत ते चमकून दृष्टि दिपवितात. ती कोरड्या फडक्यानें घासूं नये व पेट्रोलनें पुसूं नये. भरपूर पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे.

दुसरा दोष आडव्या वाऱ्याचा. हँडलवर बसविलेल्या मोठ्या विंडशील्डवर बाजूनें वारा आला, तर त्याचा हिसका थेट हँडलास बसतो. तिसरा दोष उन्हाळ्याचा. आडोशामागें घाम लौकर वाळत नाहीं व जीव कासावीस होतो. तथापि विदर्भांत वैशाखांत हवाच शरीराहून तप्त असते. तेव्हां उघड्या अंगावर घेतलेला वारा थंडावा न देतां अंगांतील पाणी मात्र शोषून घेतो, हेंही लक्षांत ठेवावें.

चौथा दोष सर्वांत सूक्ष्म आहे. वारा हा स्वाराचा एक प्रामाणिक इशारेकरी असतो. वेग वाढला कीं तो लगेच कानांत सांगतो. विंडशील्डमागें तो गप्प होतो, आणि ताशीं ८० किलोमीटर ५० सारखे भासूं लागतात. ज्यानें विंडशील्ड लाविली, त्यानें वेगदर्शक कांट्याकडे अधिक वेळां पाहिलें पाहिजे.

५. पालकांस एक विनंती

सकाळीं शाळेच्या फाटकाशीं उभें राहिलें असतां एक दृश्य नेहमीं दिसतें. वडील मोटारसायकल चालवीत आहेत, आणि लहानगें मूल पुढें टाकीवर बसलें आहे. मूल डोळ्यांपुढें राहावें, हा त्यांत प्रेमाचाच हेतु असतो. पण वर केलेलें गणित येथें लावून पाहावें. पुढें बसलेलें मूल वाऱ्याच्या दृष्टीनें काय असतें? वडिलांची विंडशील्डच तें होतें! वारा, धूळ, खडे व किडे प्रथम त्याच्या डोळ्यांवर येतात. आणि गाडी एकाएकीं थांबली, तर हँडल व वडिलांचें शरीर यांच्यामध्यें तेंच सांपडतें. पुढें विंडशील्ड बसविल्यानें वारा अडेल, पण हा दुसरा धोका टळणार नाहीं.

याकरितां मुलाची जागा मागें. भारत सरकारनें २०२२ मध्यें केलेल्या नियमांत चार वर्षांपर्यंतच्या मुलास चालकाशीं बांधून ठेवणारा पट्टा व त्याच्या मापाचें हेल्मेट सांगितलें असून, असें मूल मागें असतां वेग ताशीं ४० किलोमीटरहून अधिक नसावा असें ठरविलें आहे. ४० ला दाब दर चौरस मीटरवर साडेसात किलोग्रॅम, तर ८० ला ३० किलोग्रॅम. यावरून सावकाश जाण्याचें महत्त्व मुलांनींच घरीं वडिलांस समजावून द्यावें.

समारोप

एवंच, जो गांवांतल्या गांवांत थोडें अंतर सावकाश जातो, त्यास विंडशील्डवांचून चालतें. मात्र डोळ्यांवर हेल्मेटची कांच असावी. जो लांब, थंडींत किंवा पावसांत जातो, त्यास योग्य उंचीची विंडशील्ड मोठा आधार देते. दोघांसही हेल्मेट सारखेंच आवश्यक आहे. कारण विंडशील्ड वारा अडविते, रस्ता अडवीत नाहीं. वाऱ्याचा नियम गरिबास, श्रीमंतास, नवशिक्यास व कसलेल्यास एकच आहे. तो ज्यानें नीट समजून घेतला, त्यास वेग किती ठेवावा हें दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं.