मदरबोर्ड निवडताना उष्णतेचे गणित

प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा जलद चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा?

प्रोसेसरमधील उष्णता मुख्यतः वारंवारता गुणिले विद्युतदाबाचा वर्ग या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्के वाढवा: १.१ × १.१ × १.१ = १.३३. गती १० टक्के, उष्णता मात्र ३३ टक्के जास्त!

हा भार मदरबोर्डवरील व्होल्टेज रेग्युलेटरवर पडतो. म्हणून त्यावर धातूचे जाड उष्णताशोषक हवेत. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरसाठी ‘झेड’ मालिकेचा चिपसेट घ्यावा; ‘एच’ मालिकेत गुणक वाढवता येत नाही.

पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आष्टीत मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा डिसेंबरात टिकलेली गती उन्हाळ्यात टिकेलच असे नाही.

आता सांगा, वारंवारता २० टक्के व दाब १० टक्के वाढवल्यास उष्णता किती वाढेल?