दिवा बंद पडला, पण बिघडलं नक्की काय? मल्टीमीटरचा पहिला धडा



सौर दिवा लागेनासा झाला की एकच वाक्य ऐकू येतं, "बॅटरी गेली." दुकानदार म्हणतो, आपण मान हलवतो आणि पैसे मोजतो. कधी बॅटरी खरंच गेलेली असते. पण कधी आतली एक वायर सुटलेली असते आणि चांगली बॅटरी फेकली जाते. हे आपल्यालाच कळावं म्हणून हा धडा.

पवईच्या आयआयटी मुंबईने २०१४ साली 'सोल' नावाचा सौर अभ्यास-दिव्यांचा प्रकल्प सुरू केला. मुलांना रात्री अभ्यासाला उजेड मिळावा म्हणून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात दहा लाख दिवे द्यायचे ठरलं. दिव्याचे भाग गावाकडे पाठवायचे. जोडणी, विक्री आणि दुरुस्ती तिथल्याच लोकांनी करायची, अशी पद्धत ठेवली. राजस्थानात डुंगरपूर जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायका हे काम शिकल्या आणि पुढे त्यांनी सोलर पॅनल बनवणारी स्वतःची कंपनी उभी केली. त्या इंजिनियर नव्हत्या. या कामाला सोल्डरिंगची इस्त्री, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टीमीटर लागतो. पहिल्या दोन वस्तूंना हाताची सवय हवी. मल्टीमीटरला फक्त आकडा नीट वाचता यायला हवा, आणि गटाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला ते काही अवघड नाही.

मीटरला दोन वायरी असतात. काळी 'कॉम' लिहिलेल्या भोकात घाला. लाल वायर 'व्ही' लिहिलेल्या भोकात. तिसरं '१० ए' लिहिलेलं भोक असतं, तिथे लाल वायर चुकूनही नको. तशीच बॅटरीला लावली तर शॉर्ट होतो. आता मधली चकती डीसी व्होल्टच्या २० वर आणा. लाल टोक बॅटरीच्या अधिक बाजूला, काळं उणे बाजूला टेकवा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर घाबरू नका, टोकं उलटी लागली आहेत एवढंच.

बॅटरीवर काय छापलंय ते आधी वाचा. ३.७ व्होल्ट लिहिलेला लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ च्या आसपास दाखवतो. ३ च्या खाली असेल तर तो रिकामा समजा. फुगलेला सेल मात्र मोजत बसू नका, बाजूला काढा. त्याला टोचायचं नाही, कचऱ्यातही टाकायचं नाही.

इथेच बऱ्याच जणी फसतात. आकडा चांगला दिसला म्हणजे बॅटरी चांगली, असं नसतं. नळ बंद असताना पाइपात पाणी भरलेलंच असतं. नळ सोडल्यावर धार किती टिकते ते खरं. म्हणून दिवा दिवसभर उन्हात ठेवून भरा, संध्याकाळी आकडा वहीत लिहा, मग दिवा लावून तो लागलेला असतानाच परत मोजा. आकडा थोडा उतरला तर ठीक आहे. झरकन ३ कडे घसरला तर बॅटरी थकली आहे. आकडा जागेवर राहिला, पण दिवा लागलाच नाही, तर दोष दुसरीकडे आहे.

कुठे? आधी वायर बघा. बॅटरी सोडवा, चकती बजरच्या खुणेवर आणा, वायरीच्या दोन टोकांना मीटरची दोन टोकं लावा. पीप वाजलं तर वायर सलग आहे. वाजलं नाही तर ती आत तुटली आहे. बटण असंच तपासा: दाबल्यावर वाजायला हवं, सोडल्यावर नाही. दिवा चार्जच होत नसेल तर पॅनल दिव्यापासून सोडवून भर उन्हात मोजा. ६ व्होल्टचा पॅनल तेव्हा ६ पेक्षा जरा जास्तच दाखवतो. सावलीतही आकडा बरा दिसतो, पण वीज फार थोडी येते, त्यामुळे ओसरीवर बसून पॅनल तपासू नये.

आता प्रश्न असा, की मीटरच खोटं बोलत असेल तर? स्वस्त मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो चुकीचा आकडा दाखवू लागतो, आणि आपण थकलेल्या सेलला चांगलं म्हणून पास करतो. मीटरच्या पडद्यावर बॅटरीची खूण दिसली की आधी ती बदला. भिंतीवरच्या घड्याळाचा नवा सेल आणून मोजा, दीड व्होल्टच्या जरा वर यायला हवा. कारखान्यांची मोजमापाची यंत्रं तपासायला तर सरकारी प्रयोगशाळा असतात. अंधेरी पूर्वेला सीप्झच्या समोर अशीच एक आहे. बाजारातला वजनकाटा तपासून त्यावर शिक्का मारतात, तसंच हे. आपल्या गटाच्या मीटरला तिथवर जायची गरज नाही, नवा सेल पुरतो.

आणि एक. हे सगळं बॅटरीच्या दिव्यासाठी आहे. भिंतीतल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, तिथे या धड्याच्या भरवशावर टोकं घालू नका. ते जाणकाराजवळ उभं राहून शिकायचं.

गटात एक मीटर पुरे. त्याच्यासोबत एक वही ठेवा: दिवा कुणाचा, दिवा बंद असताना आकडा किती, चालू असताना किती, काय बदललं, किती पैसे घेतले. गिऱ्हाईक ताईला तो आकडा दाखवूनच पैसे सांगा. दिवा महिन्याभरात परत आला, तर आधी ते पान उघडा.