माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील आदिवासी विद्यार्थी

उंद्री येथील शिक्षकांच्या बैठकीत आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा एका शिक्षकबंधूंनी सरळ प्रश्न केला : "आमच्या चिखली तालुक्यात अशी मुले ती किती! शिवाय आमचे वर्ग प्राथमिक. माध्यमिक शाळेत मिळणाऱ्या संधींचा विचार आम्ही कशासाठी करावा?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी घाईत उत्तर दिले. ते येथे सविस्तर देणे उचित होईल.

जिल्हा परिषदेचा शिक्षक एका गावाचा नसतो. आज उंद्रीस असलेले गुरुजी बदली होऊन उद्या जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ शकतात. तेथे कोरकू, निहाल, भिल्ल, भिलाला या समाजांची मुले त्यांच्या हाती येतील. आणि आठवी-नववीत मुलास जी संधी मिळते किंवा मिळत नाही, तिचा निर्णय पुष्कळदा पहिली ते पाचवीतच होऊन गेलेला असतो.

या मुलांजवळ काय आहे, हे प्रथम पाहू. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुलातील भाषा असून, झारखंडातील संथाळीशी तिचे नाते आहे. सहा या संख्येस दोन्ही भाषांत 'तुरुई' म्हणतात आणि दहास 'गेल'. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक होती. निहालीची गोष्ट याहून विलक्षण आहे. जळगाव जामोद तालुक्यातील काही गावांत अवघ्या दोन-अडीच हजारांच्या आसपास माणसांच्या तोंडी असलेली ही भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. तिने कोरकूतून व मराठीतून पुष्कळ शब्द घेतले. दोन, तीन, चार यांस ती 'इरार, मोथो, नालो' म्हणते, ते शब्द द्राविडी वळणाचे आहेत. 'नालो'शेजारी कन्नडचा 'नाल्कु' ठेवून पाहावा. परंतु तिच्या मुळाशी जो शब्दसंग्रह उरतो, त्याचे नाते कोणाशीच जुळत नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युरोपातील विद्वानास जिचे एवढे अगत्य वाटले, ती भाषा आपल्याच जिल्ह्यातील शाळेत 'अशुद्ध बोलणे' म्हणून गणली जावी, याचे मला फार वाईट वाटते. अनुसूचित जमातींच्या यादीत निहालांची नोंद कोरकूंबरोबरच आहे, आणि दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत स्वतंत्र प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे कागदोपत्री ही भाषा जणू नाहीच.

हा दोष इतरांचाच आहे असे मी म्हणत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डोंगरपायथ्याच्या एका शाळेत होतो. एका मुलाने चित्रातील पक्ष्याचे नाव आपल्या भाषेत सांगितले. मी फळ्यावर मराठी नाव लिहिले आणि 'असे म्हणावे' म्हणून त्यास बजावले. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर तो मुलगा 'हजर' याखेरीज एक अक्षर बोलला नाही, आणि मी त्याची गणना मंदबुद्धी मुलांत केली. पुढे एकदा तो मला गुरांमागे दिसला. धाकट्या भावास कोणत्या पक्ष्याचे घरटे कोठे आहे ते दाखवीत तो अखंड बोलत होता. मी झाडाआड उभा राहून ऐकले. पुढे जाण्याचे धैर्य झाले नाही.

असा मुलगा आठवीत गेल्यावर विज्ञान प्रदर्शनात कशाच्या बळावर उभा राहील? म्हणून शब्दवहीचा उपक्रम मी सर्वांना सुचवीत आलो आहे. मुलाने आजीला, मामाला विचारून झाडे, गवते, पाखरे, शेतीची अवजारे यांची नावे आपल्या भाषेत गोळा करावी, देवनागरीत लिहावी व शेजारी मराठी नाव लिहावे. वाळूत उमटलेल्या पावलांवरून जनावर ओळखणे, मोहाची फुले वेचण्याचा काळ, मृतांच्या स्मरणार्थ कोरकू लोक कोरतात त्या 'मुंडा' नावाच्या लाकडी खांबावरील सूर्य, चंद्र व घोडेस्वार, हे सारे त्या वहीत यावे. माध्यमिक शाळेतील प्रकल्पास याहून चांगली सामग्री नाही. स्नेहसंमेलनात मुलांस पाने-पिसे बांधून नाचविले म्हणजे आदिवासी संस्कृतीस वाव दिला, ही समजूत मात्र सोडावी. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत उत्तम संग्रहालय आहे. सहल तिकडे नेल्यास आपल्या घरातील वस्तू काचेआड मानाने मांडलेल्या मुले पाहतील. जमल्यास न्यावी.

आता बाहेरच्या संधी. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. डोंगर चढण्याची सवय त्यांना घरचीच होती. प्रशिक्षण मिळाले, एवढेच नवे. साक्री तालुक्यातील भिल्ल समाजातले डॉ. राजेंद्र भारूड पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांना पाचवीनंतर नवोदय विद्यालयात पाठवावे, असे त्यांच्या आईस सांगणारे प्राथमिक शिक्षकच होते. आपल्या जिल्ह्यात नवोदय विद्यालय शेगावला आहे. त्याची परीक्षा मूल पाचवीत असतानाच द्यावी लागते. ते वर्ष हुकले की सहावीची ती वाट बंद होते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. निवास-भोजनाची सोय असलेल्या शासकीय शाळांतील मुलांस ती लागू नाही. म्हणून घरी राहून शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनी ती विशेष ध्यानात ठेवावी.

शेवटी एक रुक्ष वाटणारी बाब. पहिलीत प्रवेश देताना दाखल-खारीज नोंदवहीत जातीच्या रकान्यात आपण जे लिहितो, तेच पुढे जात पडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून जाते. घाईत केलेली खाडाखोड, एका भावाचे आडनाव एका प्रकारे आणि दुसऱ्याचे दुसऱ्या प्रकारे, जमातीच्या जागी नुसते 'आदिवासी', यांमुळे गुणी मुलांचे प्रवेश अडलेले मी पाहिले आहेत. पालकांजवळचे कागद पाहून, नाव मोठ्याने वाचून दाखवून, मगच नोंद करावी. खाडाखोड करण्यापेक्षा दहा मिनिटे थांबलेले बरे.

ज्यांच्या वर्गात कामासाठी आलेल्या कुटुंबांची अशी मुले या सत्रात बसतात, त्यांनी शब्दवही लगेच सुरू करावी आणि पुढील बैठकीस ती सोबत आणावी. दहा शब्द झाले असले तरी चालतील.