गंगेवर जाताना

चि. सौ. मंजिरीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही सगळी नाशिकला येताय हे दादाकडून कळलं आणि तेव्हापासून माझा हात स्वयंपाकघरातल्या डब्यांकडेच जातोय. तू पाठवलेली यादी वाचली. तीन दिवसांत सतरा ठिकाणं! त्यातली नऊ मी खोडली आहेत. रागावू नकोस. मुलं लहान आहेत, तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि गाडीच्या काचेतून बघितलेलं गाव आठवणीत राहत नाही.

पुण्याहून पहाटे पाचच्या आत निघा. चाकणची गर्दी उजाडायच्या आत मागे पडली की पुढचा रस्ता सोपा. स्वेटर आणि कानटोप्या वरच्याच पिशवीत ठेव. पुण्याच्या थंडीवर जाऊ नकोस. इथे डिसेंबरात पहाटे हात बधिर होतात आणि निफाडकडे तर त्याहून वाईट. गाडी माझ्या दाराशी लावायची आणि दोन दिवस तिला हात लावायचा नाही. जुन्या नाशकात गाडी घालणारा माणूस देवळापेक्षा पार्किंगच जास्त शोधतो. त्यात 2027च्या सिंहस्थाची कामं आहेत, कुठला रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही. रिक्षाने जायचं आणि रिक्षावाल्याला 'गंगेवर' एवढंच सांगायचं. इथे कुणी गोदावरीवर जात नाही, सगळे गंगेवर जातात.

कालव्यांच्या शहरांत लोक बोटीत बसून गाव बघतात, तसं मुलांना हवंय असं तू लिहिलंस. बोट हवीच असेल तर गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी बसायचं नाही. पण गावातल्या गंगेला पायऱ्या आहेत, कुंडं आहेत. आपलं जुनं गाव पाण्याकडे तोंड करून बसलंय, म्हणून ते पाण्याच्या कडेने, पायी, हळू बघायचं. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला हेच शिकवलं. मी नाशिकचीच मुलगी, तरी मला गंगेवर चालता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

पायरी बघून पाय टाकायचा. कोरडी काळी पायरी चालेल. ओली आणि हिरवट दिसली की तिथेच थांबायचं, पाण्याला हात लावायचा मोह झाला तरी. शेवाळावर पाय ठेवल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. माझं डावं मनगट तसंच मोडलं, तेही नुसता तांब्या भरताना. मुलांचा हात म्हणजे बोट नव्हे, मनगट धरायचं. कुंडाच्या आतल्या पायऱ्या पाण्याखाली किती खोल जातात ते वरून कळत नाही. आणि पावसाळ्यात कधी आलात तर धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकल्याशिवाय घाटावर उतरायचंच नाही.

पोचाल तो दिवस मोजायचा नाही. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघू. अहिल्यादेवी होळकर पुलावर, म्हणजे आमच्या तोंडी अजून व्हिक्टोरिया पुलावर, दोन मिनिटं उभं राहायचं. तिथून खाली रामकुंड दिसतं. 1696 साली चित्रराव खटावकरांनी ते बांधलं आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी दुरुस्त करून घेतलं. पूर्वेकडे निघालेली गंगा इथे दक्षिणेला वळते, म्हणून अस्थी इथे आणतात. हे मुलांना पुलावरच सांगून ठेव. खाली कुणाचं मुंडण चाललेलं असेल, कुणी दर्भाची अंगठी घालून पिंडासमोर बसलेलं असेल, कावळ्याकडे डोळे लावून घरची माणसं उभी असतील. मुलांना आधी सांगितलं तर ती घाबरत नाहीत, शांतपणे बघतात. मोबाइल तेवढा वेळ पर्समध्ये. कुणाचं दुःख तुमच्या सहलीच्या फोटोत येता कामा नये.

खाली उतरलो की दुतोंड्या मारुती. दोन्ही बाजूंना तोंड असलेला हा मारुती म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीवर गेलं, असं पावसाळ्यात घरोघरी बोललं जातं आणि त्यावरून सराफ बाजारातले लोक माल वर चढवतात. मुलांना मारुतीच्या पायाशी उभं कर आणि मग मान वर करून पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा बघायला सांग. 1747 साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते देऊळ बांधलं. घंटा मात्र वसईची आहे, चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली त्या विजयाची खूण. 1969च्या महापुरात पाणी त्या घंटेला टेकलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आम्ही वाड्याच्या माळ्यावर बसून होतो आणि खाली आईचे पितळी डबे पाण्यात एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ आईने पुढे कित्येक महिने कुणाला पुसू दिली नाही. तो वाडा आता नाही. म्हणून मुलांना रेघ दाखवता येणार नाही, घंटा दाखवीन.

कुंडांची नावं मुलांकडून म्हणवून घे: लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, शारंगपाणी कुंड, गोपिकाबाईंचा तास. 2003च्या सिंहस्थाआधी त्यांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं आणि खालून येणारे झरे दाबले गेले. ते काँक्रीट काढायला गावातली माणसं वर्षानुवर्षं झगडली. ज्या पाण्यात आपण फूल सोडतो ते आतून जिवंत होतं, हे मुलांना कळलं पाहिजे. फूल सोडायचंच असेल तर एकच, ओंजळीतलं. द्रोण नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. माझं म्हणणं विचारशील तर नमस्कारही पुरतो.

कपालेश्वराला पायऱ्या चढून जावं लागतं. सासूबाईंना आग्रह करू नकोस, त्या खाली सावलीत बसतील आणि मी त्यांच्याजवळ बसेन. मुलांना इतकंच विचार की या देवळात काय नाही? शंकरासमोर नंदी नाही, हे ती आपणहून शोधतील. सीतागुंफेतही सासूबाईंना आग्रह नको. आत वाकून, आखडून जावं लागतं, हवा कमी असते. दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्याने बाहेरच वडाखाली थांबावं. देव तिथेही असतो.

काळाराम मंदिराला मात्र पुरेसा वेळ ठेवा. सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेलं हे देऊळ बघायला उन्हं थोडी वर यायला हवीत, म्हणजे दगडाची कोर दिसते. दर्शन झाल्यावर मुलांना दाराशी घेऊन ये. तुझी मोठी दहा वर्षांची आहे, तिला समजेल. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दारासाठी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. पाच वर्षं माणसं येत राहिली आणि दार बंद राहिलं. आपण चपला काढून सहज आत गेलो, ते कुणाला मिळत नव्हतं हे त्या उंबऱ्यावरच सांगायचं. घरी येऊन सांगितलं तर तो इतिहासाचा धडा होतो.

मग गाडगे महाराज पुलावरून अलीकडे यायचं. बुधवार असेल तर घाटावर आठवडे बाजार भरलेला असतो. तिथे सासूबाईंना मोकळं सोड, भाजी त्या निवडतील. पुढे सराफ बाजारात सरकारवाडा, लाकडी खांब बघून घ्या, फार रेंगाळू नका, कारण मला तुम्हाला भांडी बाजारात न्यायचंय.

तांब्या-पितळेचं भांडं वजनावर घ्यायचं, नगावर नाही. आधी उलटं करून बूड बघायचं, मग काठावरून बोट फिरवायचं. धार लागली तर ठेवून द्यायचं. बोटाच्या पेराने टिचकी मारली की चांगल्या भांड्याचा नाद लांबतो, तडा गेलेलं भांडं 'थड्' म्हणून गप्प होतं. पाणी प्यायचा तांब्या आतून बिनकल्हईचा हवा. स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच, त्यात चिंचेचं काही करणार असशील तर जास्तच. आणि नाव घालून घ्यायचं. पूर्वी म्हातारा कारागीर मांडीत भांडं धरून छिन्नीने टिकटिक करत एकेक अक्षर ठिपक्यांनी उभं करायचा, आता यंत्राने घालतात. तुझ्या आजीच्या घागरीवरचं नाव अंधारात बोटाने वाचता येतं. येशील तेव्हा डोळे मिटून वाचून बघ.

खाण्याचं फार नियोजन नको. मिसळ सकाळीच, पोटभर, आणि मुलांसाठी दही मागून रस्सा वेगळा घ्यायचा. बरोबर पापड येतो, तो आधी संपवू देऊ नकोस. बुधा हलवायाची जिलबी गरम असेल तरच. बाकी दोन्ही वेळा जेवायला घरी.

दुसऱ्या दिवशी पांडवलेणी. दोनेकशे पायऱ्या आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत. चोवीस लेण्यांपैकी तीन आणि दहा नंबरची नीट बघा, बाकी नुसती नजर टाकली तरी चालेल. तिसऱ्यात गौतमी बलश्रीने, सातकर्णीच्या आईने, मुलाबद्दल कोरवलेला लेख आहे. दहावं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याने केलेल्या दानांची यादी तिथे कोरली आहे, आणि त्यात तापी, दमण, डहाणूसारख्या नद्यांवर लोकांसाठी फुकट चालवलेल्या नावा आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाटसरूंना पार नेणं हे पुण्य मानलं आणि ते दगडावर लिहून ठेवलं. मला तो लेख आठवला की अजून भरून येतं. मुलांना बोट हवी होती ना, ही बोट दाखव.

तिसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढायची आणि पहाटेच नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्याच्या कालव्यांचं पाणी कोपरगावकडे जातं. वाटेत पाट दिसला की गाडी थांबवून मुलांना सांगायचं की तुम्ही पुण्यात साखर खाता, द्राक्षं खाता, ती या पाण्यावर. आवर्तन सुटलं असेल तर पाट काठोकाठ वाहत असतो आणि दिसतो शांत, पण ओढ फार असते. काठावर बसून पाय सोडायचे नाहीत, एवढा नियम पाळा. बंधाऱ्यामागच्या गाळावर आणि गवतात हिवाळी पक्षी उतरतात. 2020 साली या जागेला रामसर पाणथळाचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. मातकट रंगाचे कपडे घाला, दुर्बीण ठेवा, धाकट्याला खिशात शेंगदाणे द्या म्हणजे तो बोलणार नाही. परतताना द्राक्षबागा लागतील. न विचारता आत पाऊल टाकायचं नाही, औषध मारलेलं असतं आणि तो कुणाच्या तरी वर्षभराचा घास असतो. विचारलं तर शेतकरी स्वतः घड हातात देतो.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, ते शेवटी लिहिते, कारण त्याला तयारी लागते.

रामकुंडावर तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते तुमची वही काढतात. लांबट, कडेला खाल्लेली पानं, जुन्या नोंदी मोडीत. कधी आलं, कोण आलं, कशासाठी आलं. दादा आणि मी बाबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा आमच्या पणजोबांची सही बघितली, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं, अगदी बाबांसारखं. दादाने नाव लिहिलं, तुझ्या भावाचं लिहिलं. मी शेजारीच उभी होते. माझं नाव कुणी विचारलं नाही, तुझंही नाही. तेव्हा मी गप्प बसले. पुढच्या वर्षी एकटी गेले, वही काढायला लावली आणि दोघींची नावं लिहून घेतली. गुरुजी एक शब्द न बोलता पान माझ्याकडे सरकवून बसले.

तर जावईबापूंच्या घराण्याची वही शोध. निघायच्या आधी सासूबाईंकडून मूळ गाव, कुळाचं जुनं आडनाव, आजेसासऱ्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव कागदावर लिहून आण. त्यांना एवढं आठवायला चार दिवस लागतील, आजच विचार. विधी करायचा नसला तरी वही बघता येते. दक्षिणा किती ते आधी बोलून घ्यायचं आणि मोकळ्या मनाने द्यायची. जुनं पान उलटताना मुलांचे हात कोरडे हवेत. नवीन नोंदीत तुझं नाव, सासूबाईंचं नाव आणि दोन्ही मुलांची नावं आली पाहिजेत. मोठीचं आधी, ती मोठी आहे म्हणून.

तिला स्वतःच्या हाताने लिहू दे. अक्षर बारीक काढायला सांग, जागा कमी असते. आणि पेन घरून आण, काळ्या शाईचं.

तुझी,
आत्या